तिसऱ्या नंबरचा पिस्टन

मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये नवीन गिऱ्हाईक आलं की आत डोकावतं आणि बाहेर जाऊन पाटी पुन्हा वाचतं. बिचाऱ्याची चूक नसते. जिथे इतर गॅरेजांत जुनी टायरं आणि ग्रीसने माखलेले पाने पडलेले असतात, तिथे इथे काचेच्या पेटीत एक भलामोठा सराफी काटा ठेवलाय. एका सोनाराने दुकान बंद केलं तेव्हा मिस्त्रीने तो उचलला. सोनार त्यात दागिने तोलायचा, मिस्त्री पिस्टन तोलतो.

त्यावरून गल्लीने त्याचं नाव ठेवलं तोळामासा. खरं तर तोळामासा म्हणावं नाजूक प्रकृतीच्या माणसाला, आणि हा गडी साठीतही गिअरबॉक्स एकट्याने उचलतो. पण एकदा नाव पडलं की पडलं. त्याचं म्हणणं फार साधं आहे. इंजिनात चार पिस्टन असतील तर चौघांचं वजन एक हवं. एक जरी जड झाला तरी बाकीचे तिघे त्याच्या नावाने धडपडत राहतात आणि ती सगळी धडपड शेवटी गाडीत बसलेल्या माणसाच्या कंबरेत उतरते. इंजिन उघडलं की तो झडपा ढकलणारा एकेक टॅपेट अंड्यांच्या ट्रेमध्ये आकडे घालून ठेवतो. वर्षानुवर्षं ज्याची ज्याच्याशी घासाघीस झालीय त्याला त्याच्याच समोर परत बसवायचं, नवा जोडीदार दिला की दोघंही झिजतात, असं तो गिऱ्हाइकाला समजावतो. बायको खिडकीत असली तर तिथून आवाज येतो, "ऐकतेय हं मी."

घरातही तीच तऱ्हा. शर्टाचं एक बटण तुटलं तर हा सातही बदलणार. चार खुर्च्यांपैकी एकीचा पाय मोडला, तर त्याच रेघेचं लाकूड मिळेपर्यंत दोन वर्षं घरात तीनच खुर्च्या होत्या, आणि पाहुणे आले की यजमान उभे राहून गप्पा मारत. बायकोने हात टेकले ते तेव्हाच.

बायकोचा धाकटा भाऊ दोन गल्ल्या सोडून मोटारींच्या पार्टांचं दुकान चालवतो. त्याला सगळे पार्टवाला म्हणतात. त्याचा कारभार दुसऱ्या टोकाचा. दुकानात कोणता खोका कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं, पण त्या खोक्यात काय आहे हे कधीकधी उघडल्यावरच कळतं. गिऱ्हाइकाने शंका काढली की तो म्हणतो, "बसतंय ना? मग झालं तर!" आणि बसत नसेल तर तो हातोडी काढून देतो.

आता असल्या दोन माणसांचं पटणं कठीणच, पण अकरा वर्षांपूर्वीपर्यंत ते बोलत तरी होते. मग मिस्त्रीने त्याच्याकडून बेअरिंगांचा एक खोका आणला. बेअरिंग दोन अर्ध्या चंद्रकोरींचं असतं, दोन्ही कोरी एका मापाच्या लागतात. यात एक निघाली जाड आणि एक पातळ. शहाण्या माणसाने खोका नेऊन दिला असता नि बदलून आणला असता. मिस्त्रीने काय केलं? मायक्रोमीटर खिशात घालून गेला, भर दुपारी, सहा गिऱ्हाइकं उभी असताना, आणि मेव्हण्याच्या कपाटातला एकेक खोका उघडून मोजत बसला. नऊ खोके चुकीचे निघाले. दर वेळी तो आकडा मोठ्याने सांगायचा. सहावं गिऱ्हाईक निघून गेलं तेव्हा पार्टवाल्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "तुम्ही माणसंसुद्धा त्या काट्यावर तोलता," एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून दोघांचा छत्तीसचा आकडा.

पण नातं ते नातं. सणासमारंभाला दोघं एकाच सोफ्यावर बसतात आणि मध्ये बायकोला बसवतात.

"तुझ्या भावाला सांग, पंखा जरा कमी कर."

"ताई, त्यांना सांग, हा पंखा कमी होत नाही. असतो नाहीतर नसतो."

"त्याला सांग, पंख्याचीही बहुतेक अर्धी वायर दुसऱ्या मापाची असेल."

बायको दोन्हीकडचे निरोप इमानेइतबारे पोचवते. सुरुवातीला ती रडायची, आता तिला त्यात थोडी गंमतही वाटायला लागलीय असा मिस्त्रीला दाट संशय आहे.

अशात एका सकाळी बाई आल्या. या दोघांनाही त्यांनी शाळेत गणित शिकवलेलं, आणि गणितात दोघंही यथातथाच. शाळेतून निवृत्त होऊन बाईंना आता पंधरा वर्षं झाली होती. साठ वर्षांची त्यांची ती करडी-हिरवी गाडी मिस्त्रीच्या फाटकापाशी दोरीने ओढून आणलेली होती. गाडी मुळात त्यांच्या वडिलांची. तीच चालवत बाई चाळीस वर्षं शाळेत गेल्या. आता त्या एक तारखेला भाचीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या, दीडशे किलोमीटर दूर.

"भाची म्हणते, गाडी स्वतःच्या पायांनी आली तर ये म्हणावं," बाई म्हणाल्या. "टेम्पोवर लादून आणलेलं लोखंड तिला अंगणात नको. नाहीतर एक तारखेला सकाळी दहा वाजता भंगारवाला येणार. तिनेच त्याला सांगून ठेवलंय."

मिस्त्री गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"बाबांना याच गाडीतून दवाखान्यात नेलं मी," बाई म्हणाल्या. "परत आणलं तेही याच गाडीतून. हिची पातेली व्हायची असली तर मला निदान सांगू नकोस. होईल का रे?"

"होईल," मिस्त्री म्हणाला.

खिडकीत उभी असलेली बायको चमकली. तीस वर्षांत नवऱ्याच्या तोंडून गिऱ्हाइकाला 'बघतो' याखेरीज दुसरा शब्द गेलेला नव्हता. न उघडता, न मोजता, न तोलता 'होईल' म्हणाला म्हणजे काहीतरी बिघडलंय, असं तिला वाटलं. हातात पाच आठवडे होते.

इंजिन उघडलं आणि मिस्त्री खूश झाला. दांडा शाबूत, टॅपेट जिथल्या तिथे, पिस्टनची चारही घरं गुळगुळीत. पहिला पिस्टन काढला, धुतला, काट्यावर ठेवला: चारशे बारा ग्रॅम. दुसरा, चारशे बारा. चौथाही तेवढाच. मिस्त्रीने हे आकडे स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या पाटीवर खडूने लिहिले, कारण चांगला आकडा लिहून ठेवला की त्याला भूक लागते. तिसरा त्याने मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो पालथा केला आणि दिव्याजवळ नेला. खालच्या कडेपासून थेट वरपर्यंत, केसासारखा बारीक, काळा तडा.

तडा गेलेला पिस्टन घालून इंजिन सुरू करता येतं. दहा किलोमीटर कदाचित, वीसही. मग घाटात कुठेतरी त्याचे दोन तुकडे होतात आणि सगळ्या इंजिनाचे तीनतेरा वाजतात. बाई एकट्या गाडीत असतील तेव्हा.

हा प्रकार एका पिस्टनपुरता सोपा वाटतो, पण ही गाडी बनवणाऱ्या कारखान्यात प्रत्येक घर मोजून त्यावर मापाचं अक्षर ठोकायचे, आणि त्या मापाच्या पिस्टनच्या माथ्यावरही तेच अक्षर. या इंजिनात चारही ठिकाणी एफ होता. घरं मोठी करून चार नवे बसवावेत, तर तसे पिस्टन बनणं मिस्त्रीच्या लग्नाआधीच थांबलेलं. म्हणजे एफचाच हवा, जुनाच हवा, आणि चारशे बाराच्या आसपास हवा.

मिस्त्रीने आकाशपाताळ एक केलं. ओळखीच्या, बिनओळखीच्या, जिवंत आणि बहुधा मेलेल्या सगळ्या मिस्त्र्यांना फोन झाले. तीन आठवड्यांत चार पिस्टन आले. पहिला दिसायला सख्खा भाऊ, पण पिनेचं भोक अर्धा मिलिमीटर वर. दुसऱ्याचं अक्षर बरोबर, रिंगेची खाच रुंद. तिसरा वीस ग्रॅम हलका. जड असता तर मिस्त्रीने आतल्या बाजूने कानस चालवून उतरवला असता, हलक्याला वजन कुठून आणणार? चौथ्यासोबत पाठवणाऱ्याने चिठ्ठी लिहिली होती, 'बसतो.' ती चिठ्ठी मिस्त्रीने दोन बोटांत धरून लांब नेऊन टाकली.

एक तारखेला नऊ दिवस उरले. मिस्त्रीचं जेवणावरचं लक्ष उडालं. बाई रोज संध्याकाळी फिरायला म्हणून फाटकापाशी यायच्या, काही विचारायच्या नाहीत, उघड्या इंजिनाकडे बघून परत जायच्या. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मिस्त्रीला वाटायचं.

मग एका दुपारी बायको माहेरच्या दुकानातून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "भावाच्या टेबलावर एक पिस्टन आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवतो. माथ्यावर एफ आहे."

मिस्त्री उठून उभाच राहिला. "तू कधीपासून पिस्टनचे माथे वाचायला लागलीस?"

"लग्न झाल्यापासून. दुसरं काय होतं या घरात वाचायला?"

"किती वर्षांपासून आहे तो तिथे?"

"असेल की पुष्कळ. सगळा काजळीने भरलाय, चहाचे डाग पडलेत." ती आत गेली नि आतूनच म्हणाली, "मागून घ्या जाऊन. तोंड आहे ना तुम्हाला?"

"मी मागणार नाही."

"मग मी मागते."

"तू मागितला काय नि मी मागितला काय, एकच. उद्या सगळ्या बाजारात सांगेल, अकरा वर्षं ताठ होते, एका पिस्टनसाठी वाकले."

"मग बाईंना काय सांगणार?"

मिस्त्रीने तडा गेलेला पिस्टन हातात घेतला. नंतर खाली मान घालून म्हणाला, "आपण बदलू."

"म्हणजे चोरू."

"बदलू! आपला तडा गेलेला तिथे, त्याचा इकडे. कागदाला तडा कळत नाही. वजन तेवढंच पडणार."

आता साध्या चोराने पिस्टन उचलला असता नि पळाला असता. पण हा तोळामासा. याला चोरीसुद्धा जोडी जुळवून करायची होती. टेबलावरचा आणि बदलीचा, दोन्ही इतके सारखे दिसले पाहिजेत की मेव्हण्याला जन्मात ताकास तूर लागू नये. त्यासाठी टेबलावरचा नीट बघायला हवा होता, आणि दुकानात तर पाऊल टाकायचं नाही. पार्टवाल्याच्या समोर सलून आहे. मिस्त्री तिथे जाऊन बसला. खुर्चीसमोरच्या आरशात मागचा रस्ता दिसतो, रस्त्यापलीकडे दुकान, आणि दारालगतच टेबल. दोन दिवसांत त्याने तीनदा दाढी केली.

"मिस्त्री," तिसऱ्यांदा सलूनवाला काकुळतीला आला, "आता केस नाहीत. आता फक्त कातडी आहे."

"मग सावकाश कर," मिस्त्री आरशावरची नजर न हलवता म्हणाला.

घरी येऊन त्याने तडा गेलेल्या पिस्टनला मेकअप केला. काजळी चोळली. जास्त झाली, पुसली, पुन्हा चोळली. पेल्याच्या बुडाला चहा लावून माथ्यावर एक गोल डाग उमटवला, वाळवला, त्यावर अर्धा डाग अजून. दोन तास लागले. इंजिनावरही त्याने एवढा जीव लावला नव्हता. बायकोने चष्मा लावून पाहिलं.

"डाग उलटा पडलाय."

"उलटा कसा?"

"तिकडे उजवीकडे आहे. तुम्ही आरशात बघितलंत ना?"

मिस्त्रीने कपाळावर हात मारला आणि सगळं धुऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बायको पदर तोंडाला लावून आत निघून गेली. ती वैतागली असेल, असं त्याला वाटलं.

बेत असा ठरला. दुपारी दीड वाजता पार्टवाला जेवून मागच्या खोलीत आडवा होतो. बायकोने तिथे जायचं, घरचा काहीतरी विषय काढायचा नि भावाला पंधरा मिनिटं अडकवून ठेवायचं. मिस्त्रीने पुढून शिरायचं, बदलायचं, निघायचं. "अर्ध्या मिनिटाचं काम आहे," तो म्हणाला.

दीडला तो मांजरीच्या पावलांनी दुकानात शिरला. अकरा वर्षांनी. तोच तेलाचा वास, तेच टेबल, त्यावर पिस्टन. मागच्या खोलीतून बायकोचा आवाज येत होता, कोणाच्या तरी गुडघेदुखीचा विषय चालला होता. मिस्त्रीने पिशवीत हात घातला, आणि त्याचं लक्ष कपाटाकडे गेलं.

कपाटात बेअरिंगांचे खोके होते. वरच्या खोक्याचं झाकण अर्धवट उघडं होतं आणि आतल्या दोन चंद्रकोरींचे नंबर वेगळे होते. लांबूनही दिसत होतं. मिस्त्रीने मान फिरवली. पुन्हा पाहिलं. कोणीतरी हे विकत घेणार, कोणाच्या तरी गाडीत ते जाणार. फक्त एवढा एक लावतो, असं म्हणून त्याने खोका उतरवला. त्या कोरीचा जोडीदार खालच्या खोक्यात होता. खालच्याचा त्याच्याही खालच्यात. चोरी करायला आलेला माणूस जमिनीवर मांडी ठोकून बसला आणि त्याने सगळा कप्पा बाहेर काढला. या वेळी तो एकही आकडा मोठ्याने बोलला नाही. ओठ हलत होते तेवढेच.

आत गुडघेदुखी संपली, पाठदुखी झाली, मग दूरच्या कोणा नातेवाइकाचं ऑपरेशन सुरू झालं. मध्येच बायकोला खोकल्याची ढास लागली. एवढा खोकला तिला कधी नसतो. ही खूण आहे हे ओळखून मिस्त्री भानावर आला, शेवटचा खोका सरळ करून ठेवला, पिस्टन बदलला आणि बाहेर पडला. घड्याळात सव्वादोन वाजले होते. अर्ध्या रस्त्यात त्याला कळलं की आपण काय करून आलोय. चोर काहीतरी घेऊन जातो, हा कपाट लावून आला होता. साऱ्या शहरात असं करणारा माणूस एकच आहे. मेव्हण्याला त्याचं नाव शोधायला चष्माही लागणार नव्हता.

गॅरेजमध्ये येऊन त्याने पिस्टन रॉकेलमध्ये बुडवला. काजळी एका फटक्यात निघाली. वर्षानुवर्षांची काजळी अशी निघत नाही, ती खरवडावी लागते. खाली धातू नव्या नाण्यासारखा चकचकीत होता. रिंगांच्या खाचांत पिवळट ग्रीस होतं, कारखान्यातून माल निघताना गंजू नये म्हणून लावतात ते. पिनेच्या भोकावर एक ओरखडा नव्हता. हा पिस्टन कधी इंजिनात गेलाच नव्हता. गेल्या काही दिवसांत तो खोक्यातून बाहेर निघाला होता, आणि कोणीतरी बसून त्याला काजळी फासली होती. चहाचा डागही पाडला होता.

मिस्त्रीने तो काट्याच्या एका पारड्यात ठेवला आणि दुसऱ्या पारड्यात पहिल्या नंबरचा. काटा थोडा डुलला आणि बरोबर मध्ये उभा राहिला. इकडे नाही, तिकडे नाही. बाहेरून आणलेल्या पिस्टनचं असं आपोआप होत नाही, चाळीस वर्षांत झालं नव्हतं. त्याने पिस्टन पालथा केला, दिव्याखाली धरला. आतल्या बाजूला, पिनेच्या दोन्ही कानांखाली, कानशीचे ओरखडे होते. वेडेवाकडे, खोल-उथळ, नवशिक्या हाताचे. दोन ठिकाणी कानस घसरलेली होती. पण दोन्ही कानांखाली, दोन्हीकडे सारखं. जिथून धातू उतरवायला हवा नेमका तिथूनच. कोणीतरी घासत होतं, तोलत होतं, पुन्हा घासत होतं, चारशे बारा येईपर्यंत. आणि चारशे बारा हा आकडा जगात एकाच ठिकाणी लिहिलेला होता, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या पाटीवर.

'बसतंय ना, मग झालं तर' म्हणणारा माणूस! मिस्त्रीला भरून आलं. त्याला त्या दुपारची सहा गिऱ्हाइकं आठवली, तो लाल झालेला चेहरा आठवला. मोजमाप आपलं बरोबर होतं, पण ते ओरडून सांगायचं काही कारण नव्हतं, हे त्याला अकरा वर्षांनी पहिल्यांदा स्पष्ट कळलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. तो हातातल्या पिस्टनच्या वाईट कामाकडे नुसता बघत बसला.

बायको आली. "जमलं का वजन?"

"जमलं," तो म्हणाला.

"किती भरलं?"

"तुला माहीत आहे."

तिने पाटी जागच्या जागी सरळ केली आणि चहा ठेवायला गेली.

पुढचे दिवस मिस्त्रीने जिवाचं रान केलं. रिंगा, बेअरिंगं, टोप्या, टॅपेट, साखळी, सगळं जिथलं तिथे. पार्टवाल्याकडून काही निरोप नाही, चोरीची बोंब नाही. टेबलावर तडा गेलेला पिस्टन ठेवून तो रोज कागद दाबतोय, एवढं सलूनवाल्याकडून कळलं.

एक तारीख उजाडली. साडेनऊलाच भंगारवाल्याचा ट्रक फाटकात येऊन उभा राहिला. भंगारवाला पायरीवर बसून दोरीची गुंडाळी सोडू लागला. बाई हातात पर्स घेऊन गाडीच्या सीटवर बसल्या होत्या, अगदी ताठ. पार्टवालाही आला होता, म्हणे ताईला भेटायला. तो पार कोपऱ्यात उभा राहून छताकडे बघत होता.

बाईंनी चावी फिरवली. इंजिन घरघरलं आणि थांबलं. पुन्हा फिरवली, एक धडाका झाला, थोडा धूर, पुन्हा शांत. भंगारवाल्याने घड्याळ पाहिलं. मिस्त्रीने लांब पेचकस इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं. ठिणगी किंचित उशिरा पडत होती. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायला हवा होता, आणि त्याच वेळी इथे ऐकायलाही हवं होतं. दोन हात कमी पडत होते.

"अगं, जरा इकडे ये," तो बायकोला म्हणाला.

"माझे हात ओले आहेत," बायको म्हणाली. ते अगदी कोरडे होते. तिने ते पाठीमागे नेले.

पुन्हा घरघर. पुन्हा शांत. बॅटरीचा आवाज बसत चालला होता. मिस्त्रीने कानावरचा पेचकस काढला नाही, फक्त मान वळवली.

"अरे, हा धर," तो मेव्हण्याला म्हणाला.

पार्टवाला छताकडे बघत होता तो एकदम पुढे आला. "कुठे, भाऊजी?"

"डिस्ट्रिब्युटरच्या मानेला. हळू फिरव. अजून. अजून थोडं... बाई, आता!"

इंजिन लागलं. पहिल्यांदा खाकरल्यासारखं, मग एका सुरात. मिस्त्रीने इंजिनाची चाल कमी केली. आवाज इतका खाली आला की फाटकाबाहेरच्या सायकलीची घंटा ऐकू आली. बायकोने पाण्याने भरलेला पेला आणून इंजिनाच्या झाकणावर ठेवला. पाणी जरासुद्धा सांडलं नाही. सगळे त्या पेल्याकडे बघत राहिले, भंगारवालासुद्धा.

"मग मला कशाला बोलावलंत?" तो दोरी गुंडाळत म्हणाला.

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. "बाबा सुरू करायचे तेव्हा असाच आवाज यायचा," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून त्यांनी काच खाली केली, दोघांकडे एकदा आळीपाळीने बघितलं, गिअर टाकला आणि फाटकातून निघाल्या. एकट्या, ताठ, भाचीच्या गावाला.

दोघं मेव्हणे रस्त्यात उभे राहिले. गाडी कोपऱ्यावर वळली, तरी आवाज येत होता. मग तोही येईनासा झाला. बायको हळूच आत सटकली.

"कानशीचे ओरखडे बघितलेत का, भाऊजी?" पार्टवाल्याने विचारलं.

"बघितले."

"कसे होते?"

"वाईट," मिस्त्री म्हणाला. "कानस धरतात अशी? हाताला तर लागलं नाही ना?"

पार्टवाल्याने अंगठा दाखवला. त्यावर पट्टी होती.

"उद्या सकाळी गॅरेजवर ये," मिस्त्री म्हणाला. "कशी धरायची ते दाखवतो."